सायकल आडवी मावेल एवढी जागा

बाबांना स्वतःला मोटार कधी चालवता आली नाही, पण मी गाडी शिकले तेव्हा शेजारच्या सीटवर तेच बसायचे. क्लच-गिअरचं त्यांना काही कळत नव्हतं, ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये झालं होतं. बाबा यायचे ते रस्ता बघायला. गोव्यातल्या आमच्या मयेहून डिचोलीकडे निघालं की पुढे एखादी सायकल दिसायचीच. ती दिसली की ते म्हणायचे, "आता ती सायकल मनातल्या मनात आडवी पाड. ती पडली, वरचा माणूसही पडला, तरी तुझं चाक त्याला लागणार नाही एवढी जागा आहे का बघ. असली तर जा. नसली तर मागे रहा."

"किती वेळ मागे राहू?"

"जागा होईपर्यंत."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. जागा होईपर्यंत थांबायचं हे मला उत्तर वाटलंच नाही. पण एकतीस वर्षं सायकलवरून शाळेत गेलेल्या माणसाशी वाद कसा घालणार?

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. बावीस इंची काळी सायकल, मागच्या मडगार्डवर स्वतःच्या हाताने मारलेला पांढरा रंगाचा पट्टा, पुढच्या चाकाला घासणारा डायनामो. सायकल चालू असेपर्यंत दिवा लागायचा आणि थांबली की विझायचा. म्हणून अंधारात उभं राहायची वेळ आली की ते रस्ता सोडून पार खाली, गवतात उतरून उभे राहायचे. "थांबलो की मी कुणाला दिसत नाही," असं साध्या सुरात सांगायचे, जणू हा निसर्गाचाच नियम.

डिचोली तालुक्यात ज्यांचं बालपण २०१२ च्या आधी गेलं त्यांना मायनिंगचा रस्ता म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. खाणीवरून खनिज भरलेले ट्रक निघायचे ते मांडवीच्या काठावरच्या सारमानससारख्या धक्क्यांवर जायचे, तिथून माल बार्जमध्ये, म्हणजे मालवाहू बोटींत, आणि बार्ज मुरगाव बंदराकडे. जितक्या खेपा तितके पैसे, त्यामुळे ट्रकवाल्यांना घाई. रस्ता लाल, झाडं लाल, घरांचे पत्रे लाल. बाबा नाकातोंडाला रुमाल बांधून त्या रांगेच्या कडेने सायकल हाणायचे. आई त्यांचे सदरे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पहिलं पाणी शेंदरी व्हायचं. ट्रक जवळून गेला की आधी वारा माणसाला बाहेर ढकलतो आणि मागचं चाक पुढे सरकताना आत ओढतो, हे मला बाबांनी सांगितलं होतं. ते अंगावर कसं येतं हे कळायला पुढे मला स्वतःला सायकलवर बसावं लागलं.

त्या काळातली एक गोष्ट आमच्या घरात पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे, पण बाबांच्या तोंडून नाही. ती सांगायची आई. तिला ती सांगितली होती एका ट्रकवाल्याने, जो लहानपणी बाबांच्या हाताखाली पाढे शिकला होता. शाळेच्या अलीकडे एक लांबलचक चढ आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये रस्ता अरुंद. सकाळी पुढे मास्तरांची सायकल असली की हा ट्रकवाला त्या चढावर हॉर्न वाजवायचा नाही, पुढे काढायचा नाही. दुसऱ्या गिअरवर गुरगुरत मागे राहायचा. तो राहिला की त्याच्या मागचे आठ-दहा ट्रकही राहायचे. मागून कुणी हॉर्न मारला तर खिडकीतून हात बाहेर काढून तो नुसता पुढे बोट दाखवायचा. चढ संपला की बाबा कडेला उतरायचे, डावा हात हँडलवर आणि उजव्या हाताने "जा" अशी खूण करायचे. मग सगळे ट्रक एकामागून एक निघून जायचे. बाबांना वाटायचं, चढाला भरलेले ट्रक असेच हळू चालतात. कुणीतरी आपल्यासाठी थांबतंय हे त्यांना निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. आणि ट्रकवाल्याला वाटायचं, मास्तर रोज आपल्यासाठी खाली उतरतात.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे काही वर्षांनी थोडं चालू झालं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबलं. रस्ता शांत झाला, पण त्या शांततेचा आनंद मला पूर्ण मनाने कधी करता आला नाही. परसात वेली चढलेले ट्रक उभे होते आणि त्यांचे हप्ते कुणीतरी भरत होतं. त्या ट्रकवाल्याने ट्रक विकला एवढंच आमच्या कानावर आलं.

त्यानंतर त्या रस्त्यावर गर्दी झाली ती आमच्याच गाड्यांची. घरटी एक दुचाकी, बऱ्याच घरांत मोटार. हंगामात काळ्या पाटीवर पिवळे आकडे लिहिलेल्या भाड्याच्या गाड्या येतात. त्यांना वळणं ठाऊक नसतात, त्यामुळे मी त्यांना जरा माफ करते. आपल्याला मात्र प्रत्येक वळण पाठ आहे. मला तर होतंच होतं.

जुलै महिना होता, पाऊस नुकताच उघडला होता. मी कामावर पणजीला चालले होते आणि सव्वाआठच्या सुमाराची चोडणची फेरीबोट गाठायची होती. वळणाच्या तोंडाशी पुढे पदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. मागच्या कॅरिअरवर वेताची मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. वळणापलीकडे काही दिसत नव्हतं. मी गाडी बाहेर काढली आणि त्याच क्षणी समोरून बस आली. मी डावीकडे आत घेतलं. माझा आरसा त्या निळ्या प्लास्टिकला लागला. आवाज फारसा झालाच नाही, नुसतं खसकन काहीतरी झालं आणि मागच्या काचेत सायकल दिसेनाशी झाली.

तो गटाराच्या कडेला पडला होता. कोपर सोललं होतं. उंडे, पोई, कांकणं असे सगळे पाव लाल चिखलात पसरले होते आणि त्यांतून अजून वाफ येत होती. मी धावत गेले. दवाखान्यात चल म्हटलं, तर तो हात हलवून म्हणाला, "कांयच जावंक ना, बाय." माझे हात इतके कापत होते की पर्सची चेन उघडेना. जे होतं ते सगळं पुढे केलं. त्याने चिखलातले उंडे नजरेने मोजले, तेवढ्याच नोटा काढून घेतल्या आणि बाकीच्या परत दिल्या. "उंड्यांचे पयशे दी. हेर कांय नाका." मग त्याने सायकल उभी केली, चाक फिरवून बघितलं, भोंगा दाबून बघितला. भोंगा वाजला. मला आठवतं, तो वाजल्यावर त्याच्या तोंडावर बरं वाटल्याची एक रेघ उमटली, आणि मला तिथेच रडू फुटलं.

फेरीबोट अर्थात चुकली. पुढची वीस मिनिटांत मिळाली.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी जगात लोक या जागेचं काय करतात ते शोधत बसले. जर्मनीत २०२० पासून कायद्यातच आकडा लिहिलेला आहे. सायकलला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं. फ्रान्समध्ये गावात एक मीटर, बाहेर दीड. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ साली दीड मीटर आलं. मग मी टेप घेऊन खाली गेले आणि बाबांची सायकल मोजली. ती अजून आमच्या पडवीत आहे. पावणेदोन मीटरच्या थोडी पुढे भरली. बाबांचा नियम ब्रिटनच्या दीड मीटरपेक्षा जुना होता आणि जरा कडकही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच हिशोब रस्त्यावर मांडला. आमचा रस्ता साडेपाच मीटरच्या आसपास आहे. सायकलवाल्याचं उजवं कोपर डांबराच्या कडेपासून एक मीटरवर येतं. त्यात दीड मीटर मोकळी जागा धरली की अडीच मीटर झाले. माझी लहानशी गाडी आरशांसकट एक मीटर नव्वद. म्हणजे चार मीटर चाळीस. समोरून येणाऱ्याला उरले एक मीटर दहा, आणि बसला नुसती रुंदीच अडीच मीटर लागते. म्हणजे समोरून बस येत असताना त्या रस्त्यावर सायकलला ओलांडणं हे धाडसाचं किंवा कौशल्याचं काम नाहीच, ते मापात बसत नाही. एवढं साधं गणित मी वीस वर्षं गाडी चालवून केलं नव्हतं.

आणि थांबण्याची किंमत? सायकल ताशी पंधरा किलोमीटरने चालते असं धरू. तिच्यामागे दोनशे मीटर राहिलं तर अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. चाळीसच्या वेगाने तेच अंतर अठरा सेकंदांत होतं. फरक तीस सेकंदांचा. रस्त्यावर गाय बसलेली असते तेव्हा आपण याहून जास्त थांबतो. पावसाळ्यात आमच्याकडे गाई डांबरावर येऊन बसतात, कारण बाकी सगळीकडे ओल असते. त्या उठतील तेव्हा उठतील, आपण वळसा घालून जातो. कुणी त्यांच्यावर चिडत नाही. हा समंजसपणा आपल्यात आहे, रोजचा आहे. सायकलवाल्याच्या वाट्याला तो का येत नाही, याचा मला खरंच विचार पडतो.

अपघातानंतर मी बाबांच्या सायकलीला नवे टायर घातले आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी चालवायला लागले. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली. सायकलवाला "मध्येच येतो" असं आपण गाडीत बसून म्हणतो, तो मध्ये का येतो ते. आमच्या रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढलेत आणि साइडपट्टीची माती पावसात वाहून गेली आहे. कडेला वीतभर, कुठे त्याहून खोल पायरी झालीय. पुढचं चाक एकदा त्या पायरीवरून खाली गेलं की वर घेता येत नाही, माणूस सरळ रस्त्याच्या आत पडतो. म्हणून कडेपासून दोन हात आत राहावंच लागतं. त्यात खड्डा येतो, पाणी भरलेला खड्डा येतो ज्याची खोली कळत नाही, गडग्याच्या सावलीत शेवाळ येतं. त्या क्षणी मागून जवळ येऊन कुणी कर्कश हॉर्न दिला की खांदे आपोआप दचकतात आणि हँडल हलतं. हॉर्न देणाऱ्याला वाटतं, आपण सावध केलं. लांबूनच एकदा हलका हॉर्न दिला, तर मात्र पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. त्यानंतर जवळ आल्यावर पुन्हा वाजवू नये.

रात्रीचं तर सांगायलाच नको. समोरच्याने अप्पर लाइट ठेवला की सायकलवरच्या माणसाला काही सेकंद रस्ताच नसतो. डिपर देणं ही एका बोटाची हालचाल आहे.

सायकलवाल्यांचंही सगळं चांगलंच आहे असं मी म्हणणार नाही. उलट्या बाजूने येणारे खूप आहेत. "समोरून येणारी गाडी दिसते ना!" असं ते सांगतात, पण वळणावर गाडीवाल्याला ते दिसत नाहीत आणि दोघांचे वेग एकमेकांत मिळवले जातात. कानात गाणी लावून चालवणारे आहेत. रविवारी पहाटे गटाने येणारे आमचे हौशी सायकलपटू गप्पांच्या नादात तिघे-तिघे शेजारी चालतात. मीही त्यांच्यात गेलेय, म्हणून सांगते, मागे गाडी आली की पुढच्याने हाक द्यावी आणि एका ओळीत यावं. रात्री दिवा नसेल तर मागे निदान लाल रिफ्लेक्टर तरी असावा. आणि चढावर मागे रांग लागली असेल तर जागा बघून उतरावं. बाबा उतरायचे तसं.

चोडणच्या फेरीबोटीवर मला हे सगळं रोज नव्याने आठवतं. लोखंडी फळीवरून गाड्या आत येतात, त्यांच्या मधल्या फटींत दुचाक्या, आणि कठड्याला टेकवून दोन-तीन सायकली. इतक्या जवळ, की माझ्या दारापासून सायकलच्या पॅडलपर्यंत तळहाताएवढं अंतर असतं. कुणी हॉर्न देत नाही. सलीम अली अभयारण्याच्या बाजूने एखादा बगळा उडत येतो, सगळे बघतात. मासे घेऊन निघालेल्या बाईची टोपली कुणीतरी सरकवून देतं. रायबंदरला फळी खाली टेकायच्या आत मात्र इंजिनं चालू होतात, आणि दोन मिनिटांपूर्वी शेजारी उभी असलेली माणसं एकमेकांना ओळखतच नाहीत.

तिथून पणजीला जाणारा पाणंदीसारखा रस्ता तर माझा फार लाडका. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला हा बांध, पोन्त द लिन्यारिस. लांबी तीन किलोमीटरच्या थोडी वर. पालख्या, घोडे आणि पायी माणसांसाठी केलेल्या त्या रुंदीवर आज बसपासून सायकलीपर्यंत सगळं चालतं. रुंद करायला जागा नाही, दोन्हीकडे पाणी. मला वाटतं, हा रस्ता आपल्याला शिकवायला ठेवलाय. इथे गाडीवाल्याने सायकलमागे राहिलंच पाहिजे, दुसरा मार्गच नाही. आणि गंमत बघा, बहुतेक लोक राहतातही.

पोर्तुगीजांचाच विषय निघाला म्हणून सांगते. १९२८ मध्ये पोर्तुगालने गाड्या उजवीकडून चालवायला सुरुवात केली, पण गोव्यात डावी बाजूच ठेवली, कारण आपल्या सीमेला लागून ब्रिटिश हिंदुस्थान होता आणि तिथे डावीकडून चालत. राज्य कुणाचंही असो, रस्ता शेजाऱ्याकडे बघून ठरवावा लागतो, हे त्या सरकारलाही कळलं होतं.

पणजीत शिरलं की धोका वेगळा. '१८ जून' नावाच्या रस्त्यावर ओळीने लावलेल्या गाड्या आणि अचानक उघडणारी दारं. एकदा मी सायकलवर असताना पुढ्यात असं दार उघडलं, वीतभराने वाचले. नेदरलँड्समध्ये गाडीचं दार दारापासून लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात, ब्रिटनच्या नियमांतही आता ते आलंय. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याने डाव्या हाताने दार उघडायचं. असं केलं की अंग वळतं, अंग वळलं की डोळे मागे जातात. करून बघा. पण आपल्याकडे खरी गरज डावीकडे बसणाऱ्यांना आहे, कारण उभ्या गाडीच्या डावीकडून सायकली आणि स्कूटर जातात. डावीकडे बसणाऱ्या घरातल्या सगळ्यांना मी आता उजव्या हाताने दार उघडायला लावते. भाचीला तर ते इतकं अंगवळणी पडलंय की ती रिक्षातून उतरतानाही मागे बघते.

२०१९ मध्ये पणजीत पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी स्पर्धा झाली, तेव्हा नव्वद किलोमीटरच्या सायकलिंगसाठी रस्ते बंद ठेवले होते. सायकली सुसाट जात होत्या, लोक कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. मलाही ते बघून भरून आलं. पण मिरामारहून परत येताना डोक्यात सारखा तो पदेर येत होता. तोही पहाटे चारला उठून, भट्टीवरून गरम पाव घेऊन, पावसात आणि अंधारात, खाडे न करता सायकल चालवतो. त्याच्यासाठी रस्ता बंद करा असं तो म्हणत नाही. त्याला पावणेदोन मीटर हवेत.

तो अजून आमच्याकडे येतो. अपघातानंतरचे चार दिवस मी आईलाच बाहेर पाठवत होते. पाचव्या दिवशी गेले. त्याने नेहमीसारखे चार उंडे कागदात बांधले आणि कोपर वर करून दाखवलं. खपली धरली होती.

परवा बाबांना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन निघाले होते. ते आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. लांबचं नीट दिसत नाही, पण पुढच्या सीटवर बसण्याचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. शाळेच्या अलीकडच्या त्या चढावर पुढे पदेर होता, हा नव्हे, कुणी दुसरा, कोवळा पोरगा. चढाला पॅडलवर उभा राहून तो जोर लावत होता आणि प्रत्येक दाबाला सायकल डावी-उजवी डोलत होती. टोपली भरलेली असावी. मी दुसऱ्या गिअरवर आले. बाबांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता, "थांब" म्हणायला. मी थांबलेलीच आहे हे लक्षात आल्यावर तो तसाच हळूच खाली गेला.

मागून हॉर्न आला. पुन्हा आला. मी खिडकीतून हात काढून पुढे बोट दाखवलं. खिडकीतून पावाचा वास येत होता.

चढ संपला. पोरगा देवळाच्या पाणंदीशी कडेला उतरला, डाव्या हाताने हँडल धरलं आणि उजव्या हाताने खूण केली, जा. बाबांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनीही आपली काच खाली केली आणि त्याच्याजवळून जाताना हात वर केला.